शिक्षकांचा शिक्षक : एका उपेक्षित परंपरेचा इतिहास

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली छापण्याची प्रथा जुनी आहे, व ती स्तुत्यच आहे. परंतु या नामावलीच्या मागे दुसरी एक नामावली उभी असते. ज्या प्राथमिक शिक्षकांनी या मुलांच्या हाती प्रथम पाटी दिली त्यांची ती होय. आणि तिच्याही मागे तिसरी एक नामावली आहे, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या शिक्षकांना शिकवावयास कोणी शिकविले? प्रस्तुत लेखात या तिसऱ्या नामावलीचा शोध घेण्याचे आम्ही योजिले आहे.

विषयाची मर्यादा प्रथमच स्पष्ट केलेली बरी. अध्यापक विद्यालयातील प्राध्यापक, अथवा वर्षातून एकदा येणारा तपासणीस, यांच्याविषयी आम्ही मुख्यत्वेकरून लिहीत नाही. शाळेतच राहून, सहकाऱ्याच्या वर्गात बसून, मुलांना वाचावयास व लिहावयास कसे शिकवावे हे प्रत्यक्ष करून दाखविणारा जो अनुभवी शिक्षक, तो आमच्या लेखाचा विषय आहे. अलीकडे पाश्चात्त्य देशांत त्यास क्रीडांगणावरील शब्द उसना घेऊन ‘कोच’ असे म्हणतात. आपण त्यास ‘वाचनमार्गदर्शक शिक्षक’ म्हणावे, किंवा सरळ ‘सोबती’ म्हणावे. नाव नवे असले तरी कल्पना नवी नाही. किंबहुना तिचे एक मूळ आपल्याच देशातील गावशाळेत आहे.

पंतोजींच्या शाळेत वर्ग नव्हते, इयत्ता नव्हत्या व छापील पुस्तकेही नव्हती. धूळपाटीवर अक्षरे गिरवावी, पाढे म्हणावे, उजळणी करावी, मोडी वळण घोटावे, असा तेथील क्रम असे. एकटे पंतोजी सर्व मुलांना पुरे पडणे शक्यच नव्हते. म्हणून पुढे गेलेला मुलगा मागच्यास अक्षर दाखवी आणि पंतोजी त्या दाखविणाऱ्यावर नजर ठेवीत. ही रीत दक्षिणेकडेही होती. मद्रासजवळील एग्मोर येथील लष्करी अनाथालयाचे प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले, व तीच रीत आपल्या शाळेत आणण्याचे ठरविले. हाताखालचे शिक्षक ती करावयास राजी होईनात, तेव्हा त्यांनी जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे मुळाक्षरांचा वर्ग सोपविला. सन १७९७ मध्ये बेल यांनी या प्रयोगाचा वृत्तांत विलायतेत प्रसिद्ध केला. तेथे जोसेफ लँकेस्टर यांनीही असाच प्रकार चालविला आणि पाहता पाहता ही ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडातील गोरगरिबांच्या शाळांतून पसरली. जी रीत आपण मागासलेली म्हणून पुढे टाकून दिली, तीच दूरदेशी जाऊन नाव कमावून आली, हा इतिहासातील एक मौजेचा प्रकार होय.

पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी डिसेंबर १८२३ मध्ये शिक्षणविषयक टिपण लिहिले. त्यात त्यांनी जी कर्तव्ये सांगितली त्यांत देशी शाळांतील शिकविण्याची पद्धती सुधारणे व अशा शाळांची संख्या वाढविणे यांस अग्रस्थान दिले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच सुमारास मुंबईत शाळा व शालेय पुस्तके यांच्यासाठी स्थापन झालेली मंडळी पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने प्रसिद्धीस आली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली या मंडळींनी २४ शिक्षक तयार करविले, आणि सन १८२६ च्या सुमारास त्यांना मराठी व गुजराथी मुलखांत शाळा चालविण्यास पाठविले. सरकारी रीतीने तयार होऊन जिल्ह्यांत गेलेली अशी ही आपल्याकडील पहिली तुकडी म्हणावयास हरकत नाही. परंतु एकदा गावी गेल्यावर त्या शिक्षकाला पुढे कोण विचारणार, त्याची अडचण कोण सोडविणार, याची तजवीज नव्हती. हा उणेपणा पुढे दोनशे वर्षे आपल्या पाठीस लागला आहे.

सन १८४५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात शिक्षकांसाठी ‘नॉर्मल क्लास’ निघाला व त्याची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आली. ‘दर्पण’कार म्हणून बाळशास्त्र्यांची कीर्ती सर्वत्र आहे, पण ते शिक्षकांचेही शिक्षक होते, याचा उल्लेख क्वचितच होतो. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, मे १८४६ मध्ये, ते अकाली निवर्तले. त्यांच्यामागून मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी हे काम सांभाळले. पुढे पुण्यासही शिक्षकांच्या तयारीची सोय झाली, आणि सन १८६१ मध्ये निघालेल्या ‘शालापत्रक’ या मासिकाने खेड्यापाड्यांतील मास्तरांना घरबसल्या वाचावयास काही मिळू लागले. कृष्णशास्त्री चिपळूणकर व त्यांच्यानंतर विष्णुशास्त्री यांनी ते चालविले. कागदावरून का होईना, शिक्षकाची सोबत करण्याचा तो एक प्रयत्न होता.

परंतु आमच्या मते, शेजारी बसून शिक्षक घडविण्याचे या काळातील सर्वांत तेजस्वी उदाहरण कोणत्याही सरकारी वर्गातील नव्हे. ते जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या घरातील आहे. जोतीरावांनी सावित्रीबाईंना प्रथम घरी शिकविले; पुढील शिक्षणाची जबाबदारी सखाराम यशवंत परांजपे व केशव शिवराम भवाळकर या त्यांच्या स्नेह्यांनी उचलली. शिक्षिकेचे काम शिकण्यासाठी अहमदनगर येथील सिंथिया फरार यांची संस्था व पुण्यातील मिचेलबाईंची नॉर्मल शाळा यांचाही सावित्रीबाईंनी लाभ घेतला. सन १८४८ मध्ये पुण्यास भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तिच्यामागे एवढी पूर्वतयारी होती. आज आपण त्यांच्या धैर्याचे पोवाडे गातो, व ते योग्यच आहे. तथापि त्यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते व एकाहून अधिक जाणत्यांनी त्यांना हात दिला होता, हेही सांगितले पाहिजे. धैर्याने शाळा उघडता येते; मुलगी वाचू लागावी, यासाठी मात्र कसब लागते.

सन १८५४ च्या वुड साहेबांच्या खलित्याने शिक्षकांच्या तयारीचा प्रश्न उघडपणे हाती घेतला. इंग्लंडात सन १८४६ पासून ‘प्युपिल टीचर’ म्हणजे विद्यार्थी-शिक्षकाची पद्धत चालू होती. हुशार मुलास लहानशी वृत्ती देऊन शाळेतच उमेदवारीवर ठेवावयाचे. त्यास शिकविण्याबद्दल मुख्य शिक्षकास वेगळा मोबदला द्यावयाचा. नंतर त्याने नॉर्मल शाळेत जाऊन प्रमाणपत्र मिळवावयाचे. हीच पद्धत हिंदुस्थानात आणावी, असे खलित्यात सुचविले होते. येथे एक महत्त्वाचे तत्त्व मान्य झाले होते, ते असे की, दुसऱ्या शिक्षकास घडविणे हे स्वतंत्र काम आहे व त्या कामास वेळ आणि दाम दोन्ही दिले पाहिजेत.

परंतु लवकरच वारे उलटे वाहू लागले. सन १८६२ मध्ये इंग्लंडात ‘निकालाप्रमाणे अनुदान’ असा नियम झाला आणि त्याचे लोण मुंबई इलाख्यातील अनुदानाच्या नियमांतही आले. परीक्षेस किती मुले बसली व किती उतरली, यावर पैसा अवलंबून राहिला. साहजिकच तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे महत्त्व वाढले. आपल्या खेड्यांत ‘दिपोटी’ येणार म्हटले की शाळा सारवली जाई, मुलांना स्वच्छ कपडे घालावयास सांगितले जाई, ठरावीक धडे पाठ करून घेतले जात, आणि मास्तरांच्या पोटात गोळा उठे. दिपोटीसाहेब शेरा लिहून गेले की वर्षभराची निश्चिंती होई. मुलाला वाचता का येत नाही, हा प्रश्न त्या शेरेबुकात कोठेच मावत नसे.

या व्यवस्थेतील दोष ज्यांनी अचूक हेरला ते पुन्हा महात्मा फुलेच. हंटर आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी जे निवेदन सादर केले ते प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा व मोठ्या गावी तो पंधरा ते वीस रुपये असावा, अशी मागणी त्यांनी केली. शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील, असे त्यांनी सुचविले. तपासणीविषयीही त्यांचे मत स्पष्ट होते. अधिकाऱ्याने वर्षातून एकदा शाळेस भेट दिल्याने फारसा लाभ होत नाही. भेटी निदान तीन महिन्यांनी व्हाव्यात, आणि काही भेटी पूर्वसूचना न देता व्हाव्यात. शिक्षकास पगार, शिक्षण, समाजातील मान आणि वारंवार लक्ष या चारही गोष्टी एकत्र मिळाल्या तरच शाळा चालते, हे मर्म त्या निवेदनात आहे. आपल्या समाजासारख्या, विद्येपासून पिढ्यान्पिढ्या दूर ठेवल्या गेलेल्या समाजांना या निवेदनाचे ऋण विसरता येणार नाही.

पुढील पिढीत शिक्षण सक्तीचे करण्याचे धाडस दोन संस्थानिकांनी केले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी सन १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग करून सन १९०६ मध्ये सर्व राज्यात सक्ती लागू केली. आणि करवीरचे राजर्षी शाहू महाराज यांनी सन १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. शाळा वाढल्या तसे शिक्षक अधिक लागू लागले. व्हर्नाक्युलर फायनल उतरलेला तरुण नोकरीस लागे, आणि जमेल तेव्हा ट्रेनिंग कॉलेजात जाऊन प्रथम, द्वितीय वा तृतीय वर्ष ‘ट्रेण्ड’ होऊन येई. ट्रेनिंग कॉलेजास जोडलेल्या सरावाच्या शाळेत पाठ घेणे, इतर उमेदवारांनी मागे बसून त्यावर टीका लिहिणे, ही चाल चांगली होती. पण ती कॉलेजातच राहिली. उमेदवार आपल्या गावी परतला की त्याच्या पाठावर कोणी मागे बसत नसे.

बहुजन समाजातील शिक्षक बहुजन समाजातच तयार व्हावा, हा फुले यांचा आग्रह प्रत्यक्षात आणला तो कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. सन १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांना वसतिगृहे चालविताना एक गोष्ट कळून चुकली होती की, खेड्यात शाळा उघडणे सोपे, पण खेड्यात टिकणारा व खेड्याचा होऊन राहणारा शिक्षक मिळणे कठीण. म्हणून सन १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यास ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’ काढले. तेथे तयार झालेले तरुण डोंगराळ व आडवळणी गावांत व्हॉलंटरी शाळा चालवावयास गेले. संस्थेच्या अशा शाळांची संख्या ५७८ पर्यंत पोहोचली होती. श्रम, साधी राहणी व जातिभेद न मानणारे सहजीवन यांचे संस्कार घेऊन गेलेल्या या शिक्षकांच्या मागे संस्था उभी होती. एकाकी नोकर आणि संघटनेचा कार्यकर्ता यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस (आता तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो) सन १९४५ मध्ये अशीच एक जोडी जमली. बालशिक्षणाच्या कार्यात मुरलेल्या ताराबाई मोडक तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र चालवू लागल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंचे वय तेव्हा ५३ वर्षांचे होते, अनुताईंचे ३५. अनुताई शिक्षिका म्हणून अनुभवी होत्या. पण वारली मुलांना शिकविण्याची विद्या त्या ताराबाईंच्या शेजारी राहून, रोजचे काम त्यांच्याबरोबर करून शिकल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात गेली पाहिजे, या विचारातून अंगणवाडी निघाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पुढे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि ताराबाईंच्या पश्चात अनुताईंनी ते चालवून स्वतः कितीतरी शिक्षिका घडविल्या. ज्यास कोणी घडविले तो पुढे दुसऱ्यास घडवितो, अशी ही गुरुपरंपरा आहे. आणि ती शासननिर्णयाने नव्हे, सहवासाने निर्माण झाली.

सातारा जिल्ह्यात सन १९५९ मध्ये सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेचाही येथे उल्लेख करणे अवश्य आहे. संपूर्ण गाव साक्षर करण्याचा विडा गावानेच उचलावा, रात्रीचे वर्ग चालावेत, आणि काम पुरे झाले की ग्रामगौरव समारंभ व्हावा, अशी तिची रचना होती. या मोहिमेचा कणा प्राथमिक शिक्षक हाच होता. दिवसा मुलांना शिकविणारा मास्तर रात्री कंदिलाच्या उजेडात गावातील शिकल्यासवरल्या तरुणांना हाताशी धरून प्रौढांना शिकवी. म्हणजे तो नुसता शिक्षक न राहता गावातील शिकविणाऱ्यांचा मार्गदर्शक झाला. मोहिमेने एक धडाही शिकविला की, समारंभ झाल्यानंतर हाती पुस्तक व पाठीशी कोणी न राहिल्यास नवसाक्षराची अक्षरे पुन्हा पुसट होऊ लागतात.

या सर्व अनुभवांना राष्ट्रीय धोरणाचे रूप देण्याचा प्रयत्न कोठारी आयोगाने (१९६४-६६) केला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचे नाते जवळचे. खेड्यातील एकशिक्षकी शाळेचा एकटेपणा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. आयोगाने ‘शाळासंकुला’ची कल्पना मांडली. एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळा जोडाव्यात, त्यांनी साधने वाटून घ्यावीत, आणि मोठ्या शाळेतील जाणत्या शिक्षकांनी लहान शाळांतील सहकाऱ्यांना मार्गदर्शन करावे. तपासणी व मार्गदर्शन ही दोन कामे वेगळी आहेत, हा विचारही आयोगाने आग्रहाने मांडला. कल्पना उत्तम होती. पण तिची अंमलबजावणी पुष्कळ काळ कागदावरच राहिली.

सन १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या. महाराष्ट्रात सन १९९४ मध्ये केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले. सुमारे दहा शाळांचे एक केंद्र, व त्यावर प्राथमिक शिक्षकांतूनच पुढे आलेला एक केंद्रप्रमुख. त्याने शाळांना वारंवार भेटी द्याव्यात, आदर्श पाठ घेऊन दाखवावेत, महिन्याकाठी शिक्षकांना एकत्र जमवून अडचणींची चर्चा करावी, अशी अपेक्षा होती. पुढे सर्व शिक्षा अभियानात गटसाधन केंद्रे निघाली व साधनव्यक्ती नेमल्या गेल्या. बाळशास्त्र्यांच्या नॉर्मल क्लासापासून शोधीत असलेला ‘शाळेजवळचा मार्गदर्शक’ प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर व सर्व जिल्ह्यांत नेमला गेला, हे मान्य करून शासनास धन्यवाद दिले पाहिजेत.

परंतु पुढे काय झाले, हे खेड्यातील कोणत्याही शिक्षकास विचारावे. पटसंख्या, पोषण आहाराचा हिशेब, गणवेशाची माहिती, निवडणुकीचे काम, निरनिराळी प्रपत्रे, आणि ‘आज सायंकाळपर्यंत सादर करा’ असे निरोप! मार्गदर्शक म्हणून आलेला गृहस्थ माहिती गोळा करणारा कारकून झाला. पुष्कळ पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली व एकेकाकडे दोन दोन केंद्रांचा भार आला. आमच्या सेवाकाळात अनेक सद्गृहस्थ आमच्या वर्गाच्या दारापर्यंत आले. हजेरीपत्रक पाहून परत गेले. त्यांची इच्छा नव्हती असे नव्हे; त्यांना वर्गात बसावयास वेळच दिलेला नव्हता. दिपोटीची जागा निराळ्या नावाने पुन्हा भरून निघाली, एवढेच.

येथे कोणी विचारील की, मुलांना वाचावयास शिकविणे यात एवढे कठीण ते काय, की त्यासाठी शिक्षकालाही शिक्षक हवा? याचे उत्तर आपल्या लिपीतच आहे. जुन्या रीतीने मुळाक्षरे व बाराखडी पाठ केली तर चारशेहून अधिक रूपे घोकून झाल्यावर मुलाला पहिला अर्थपूर्ण शब्द भेटतो. तोवर त्याचा उत्साह मावळतो. ‘कमल’, ‘बदक’ वाचणारे मूल ‘किमान’पाशी अडते, कारण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहावयाची आणि उच्चार मात्र नंतर करावयाचा. एकट्या ‘र’ची रूपे पाहा : ‘सूर्य’ यातील रफार, ‘ग्रह’ यातील तिरपी रेघ, ‘राष्ट्र’ यातील खालचा काकपद, आणि ‘सुऱ्या’ यातील आडवा ‘र’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील खोल जागा, हा भेद केवळ त्या एका खुणेवर अवलंबून आहे. मूल नेमके कोठे अडले हे ओळखणे वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखे आहे. ते पुस्तकातून थोडे कळते. बाकीचे जाणत्याच्या शेजारी बसून कळते.

फलटण येथे या दिशेने झालेले काम उल्लेखनीय आहे. अमेरिकेत जन्मलेल्या व पुढे भारतीय नागरिकत्व स्वीकारलेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी सन १९८४ मध्ये तेथे प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. मुळाक्षरे क्रमाने न शिकविता निवडक अक्षरांचे लहान गट घ्यावेत, काना-मात्रा लवकर आणाव्यात, म्हणजे मूल पहिल्या काही आठवड्यांतच खरे शब्द वाचू लागते, असा त्यांच्या पद्धतीचा गाभा आहे. परंतु पद्धतीपेक्षाही महत्त्वाचे ते तिच्यामागील परिश्रम. मुले शाळेत जाऊनही का वाचीत नाहीत, हे पाहण्यासाठी त्या स्वतः मुलांत जाऊन बसल्या, व शिक्षकांनाही तसे बसावयास त्यांनी शिकविले.

या प्रश्नाचे गांभीर्य आज आकड्यांतही दिसते. ‘प्रथम’ संस्थेने सन २००५ पासून चालविलेल्या ‘असर’ पाहणीत पुन्हा पुन्हा आढळले आहे की, ग्रामीण भारतात पाचवीत असलेल्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा नीट वाचता येत नाही. सन २०२१ मध्ये केंद्र शासनाने ‘निपुण भारत’ हे अभियान जाहीर करून, तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे, असे ध्येय सन २०२६-२७ साठी ठेविले. ध्येय थोर आहे. पण नुसत्या प्रशिक्षणवर्गांनी ते साधेल काय? अमेरिकेतील ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स या शिक्षणशास्त्रज्ञांनी सन १९८० पासून हेच दाखवून देण्याचा प्रयत्न केला की, व्याख्यान व प्रात्यक्षिक यांनी शिक्षकास माहिती होते, परंतु ती वर्गात उतरावयाची तर त्याच्या वर्गात येऊन मदत करणारा सहकारी हवा. आपल्याकडील सावित्रीबाई, कर्मवीर व अनुताई यांचे चरित्र वाचणाऱ्यास ही गोष्ट नवी वाटणार नाही.

दोन शतकांच्या या आढाव्यातून तीन बोध निघतात असे आम्हांस वाटते. पहिला, मार्गदर्शक व तपासणीस या दोन भूमिका एका माणसात नांदत नाहीत. ज्याच्या शेऱ्यावर वेतनवाढ वा बदली अवलंबून आहे, त्याच्यापुढे कोणताही शिक्षक आपली अडचण उघड करीत नाही. आणि अडचण उघड झाल्यावाचून उपाय सुचत नाही. दुसरा, उत्तम शिक्षक हा आपोआप उत्तम मार्गदर्शक होत नाही. मुलास शिकविणे वेगळे व शिकविणाऱ्यास शिकविणे वेगळे. सहकाऱ्याच्या पाठात मध्येच न बोलता बसावे, सर्व दोष एकदम न सांगता एकाच गोष्टीवर बोट ठेवावे, स्वतः तो पाठ घेऊन दाखवावा, मुलांच्या वह्या दोघांनी मिळून पाहाव्या, व आठ दिवसांनी पुन्हा जावे. ही संयमाची विद्या आहे आणि ती शिकवावी लागते. तिसरा, अशा कामास राखीव वेळ लागतो. ज्यास दहा शाळा, शेकडो मुले व ढीगभर प्रपत्रे दिली आहेत, त्याच्याकडून सोबतीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. प्रत्येक मोठ्या शाळेत एका अनुभवी शिक्षकाचे तास कमी करून त्याच्याकडे हे काम द्यावे, हाच राजमार्ग होय.

आता आपल्या ज्ञातिबांधवांपुढे एक विचार नम्रपणे ठेवून लेखणी आवरती घेतो. आपल्या समाजात आज सेवानिवृत्त शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. त्यांच्या हातून हजारो मुले वाचावयास शिकली आहेत. आपली संस्था दहावी-बारावीच्या गुणवंतांना बक्षिसे देते. ती देतच राहावी. परंतु बक्षीस मिळते ते पोहोचलेल्या मुलाला. जे मूल दुसरी-तिसरीतच अक्षरांपाशी अडखळून मागे राहिले, ते आपल्या व्यासपीठापर्यंत येतच नाही, आणि त्याचे नाव कोणत्याही स्मरणिकेत छापले जात नाही. अशा मुलांत आपल्या समाजाची मुले आहेत, तशी शेजारच्या वस्तीतील इतर समाजांचीही आहेत. अक्षराला जात नसते. म्हणून संस्थेने आपल्यातील काही निवृत्त शिक्षकांना एकत्र आणावे, वाचनमार्गदर्शनाचे रीतसर शिक्षण देण्याची सोय करावी, आणि मुख्याध्यापकांच्या संमतीने जवळच्या जिल्हा परिषद वा नगरपालिका शाळांतील तरुण शिक्षकांच्या मदतीस आठवड्यातून दोन दिवस पाठवावे. तेथे जाणाऱ्याने हाती शेरेबुक घेऊ नये, भाषण करू नये, सत्काराची अपेक्षा धरू नये. मागच्या बाकावर बसावे; आणि शिक्षकाने विचारले म्हणजे उठून फळ्यापाशी जावे.

खर्च थोडा आहे. प्रवासखर्च, काही गोष्टीची पुस्तके व पाट्या-खडू एवढाच. या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय यावा, अशी आमची विनंती आहे. ज्यांना या कामात भाग घ्यावयाचा असेल त्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे नोंदवावीत. त्या यादीत आमचे नाव आम्ही आधीच दिले आहे.